पाळणाघरातली नाकं

हळदीकुंकवाला नवी ओळख झाली की बायका विचारतात, "तुम्ही काय करता?" दिल्लीतल्या मराठी बायकांच्या घोळक्यात याची उत्तरं ठरलेली असतात. कोणी कुठल्याशा मंत्रालयात सेक्शन ऑफिसर असते, कोणी शाळेत शिकवते, आणि कोणी आपलं न सांगता "हे रेल्वेत आहेत" असं सांगते. मी एकदाच खरं बोलले. म्हटलं, "मी पाळणाघरांत जाऊन लहान मुलांच्या नाकात काडी घालते." कुंकू लावायला पुढे आलेलं त्या बाईंचं बोट माझ्या कपाळाच्या अलीकडेच थांबलं. तेव्हापासून मी "लॅबमध्ये आहे" एवढंच सांगते आणि तिळगूळ घेऊन पुढे सरकते.

आता निवृत्त झाले आहे. आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकाचे संपादक म्हणाले, "नोकरीतले अनुभव लिहा, पण जरा हलकंफुलकं हवं हं." त्यांना काय सांगणार, आमच्या नोकरीत हलकं म्हणाल तर फक्त काडीच्या टोकाचा बोळा. बाकी सगळं रडणं, ओरडणं, लाथा आणि शेंबूड. पण लिहिते. निदान त्या बाईंनी वाचावं.

मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेली लॅब टेक्निशियन. लग्न होऊन दिल्लीला आले. ह्यांची केंद्र सरकारात नोकरी आणि घर मयूर विहारच्या सोसायटीत. मुलं मोठी झाल्यावर एका संस्थेच्या संशोधन प्रकल्पात मला काम मिळालं. प्रकल्पाचं नाव एवढं लांब होतं की ते माझ्या ओळखपत्रावर मावेना. मथितार्थ एवढाच, की न्यूमोकॉकस नावाचा एक जंतू मुलांच्या नाकात मागे, घशाच्या वर, मुक्काम करून असतो. त्याचं काय चाललंय ते बघायचं.

हा जंतू बिघडला तर फार वाईट. न्यूमोनिया होतो, कान फुटतो, क्वचित मेंदूच्या आवरणाला सूज येते. पण गंमत अशी की बहुतेक वेळा तो बिघडतच नाही. धडधाकट, हसत्याखेळत्या मुलाच्या नाकात तो गुपचूप राहतो, काही दिवसांनी निघून जातो, मग त्याचाच दुसरा भाऊबंद राहायला येतो. मुलाला पत्ता नसतो, आईला नसतो. नाकात जंतू असणं हा आजार नाही, हे वाक्य मी त्या वर्षांत इतक्या वेळा बोलले आहे की झोपेतसुद्धा म्हणत असे, असं हे सांगतात.

या जंतूचे प्रकार नव्वदीच्या वर. त्या सुमाराला बाहेरून जी नवी लस आली होती ती त्यांतल्या सात दांडगट प्रकारांचा बंदोबस्त करायची. लस घेतलेल्या मुलाच्या नाकातून हे सात प्रकार हळूहळू काढता पाय घेतात. मग नाक रिकामं राहतं का? छे! सोसायटीतला फ्लॅट कधी रिकामा राहिलाय? लशीत नसलेले दुसरे प्रकार तिथे राहायला येतात, आणि ते बहुधा जरा बऱ्या स्वभावाचे असतात. हे कितपत होतं, आणि लस न घेतलेल्या शेजारच्या मुलाच्या नाकात त्यामुळे काय फरक पडतो, हा आमचा प्रश्न होता.

त्यासाठी पाळणाघराइतकी उत्तम जागा नाही. एका खोलीत पुष्कळ नाकं, आणि सगळी एकमेकांना लागलेली.

तेव्हा गुरगाव नुसतं उगवत होतं. एका बाजूला काचेची ऑफिसं, दुसऱ्या बाजूला मोहरीची शेतं, आणि मध्ये रस्ता असावा अशी लोकांची श्रद्धा. पुण्यामुंबईची तरुण जोडपी तिथल्या कंपन्यांत कामाला आली होती. आजी-आजोबा राहिले तिकडे. सकाळी कंपनीची गाडी खाली येऊन हॉर्न मारायची आणि ही जोडपी मूल, डबा, दुधाची बाटली असं सगळं जवळच्या पाळणाघरात सोडून पळायची. त्यामुळे गल्लोगल्ली, बंगल्यांच्या तळमजल्यांत पाळणाघरं निघाली. सगळ्यांच्या दारावर इंग्रजी नाव, फुलपाखराचं चित्र आणि आत एक पंजाबी आंटी.

आमच्या यादीतलं सर्वांत मोठं पाळणाघर चोप्रा आंटींचं. चोप्रा आंटी शाळेतून निवृत्त झालेल्या. आवाज असा, की त्यांनी "चुप!" म्हटलं की पलीकडच्या प्लॉटवरचे गवंडीसुद्धा थापी खाली ठेवत. त्यांच्या हाताखाली सरोज नावाची आया होती. बिहारकडची, सडपातळ, विशीतली. तिची अडीच वर्षांची मुलगी गुडिया दिवसभर तिथेच इतर मुलांत असायची. तीच खेळणी, तोच गालिचा, तीच खिचडी. ती आयाची मुलगी आहे हे मला तिसऱ्या खेपेला कळलं.

नमुना कसा घेतात ते सांगते, कारण लोकांना वाटतं नाकपुडीत कापूस फिरवला की झालं. तसं नाही. बारीक, लवचिक काडी नाकाच्या तळाशी समांतर सरळ आत न्यायची, थेट मागच्या भिंतीला टेकेपर्यंत. तिथे हलकेच फिरवायची आणि बाहेर काढायची. दुखत नाही, पण मुलाच्या चेहऱ्यावर असा भाव येतो की जन्मदात्यांनी आपल्याला विकलं. डोळ्यांतून पाणी, मग शिंक, आणि ती बरोब्बर माझ्या चष्म्यावर. नंतर गालावर चमकती चांदणी चिकटवायची, की रडू थांबतं. सरोज मुलांना धरण्यात वाकबगार होती. मूल मांडीवर, त्याचे पाय तिच्या गुडघ्यांत, एक हात पोटाशी, दुसरा कपाळावर, आणि तोंडाने "वो देखो, छत पे बंदर!" चालू. बंदर कधीच नसायचं. पण मुलं दर वेळी मान वर करून बघायची आणि मला हवा तोच कोन मिळायचा. मला पाहिलं की मुलं "नाकवाली आंटी आ गई!" असं ओरडत पांगायची आणि पडद्यामागे लपायची. पडद्याखालून सगळ्यांचे पाय दिसत.

काडी मग एका छोट्या नळीत जायची आणि नळी बर्फाच्या डब्यात. नळीतल्या पाण्यात साय काढलेलं दूध असतं, वाटेत जंतू उपाशी मरू नयेत म्हणून. हे आमच्या व्हॅनच्या ड्रायव्हरला, सतबीरला, अजिबात पटायचं नाही. तो रोहतककडचा जाट. "मॅडमजी, मलाई उतरा दूध तो हम बीमार कटड़े को भी ना दें," असं म्हणून, म्हणजे आजारी रेडकालाही असलं दूध देणार नाही असं सांगून, त्याने त्या जंतूंबद्दल मनापासून हळहळ व्यक्त केली. लॅबमध्ये त्यांना मेंढीचं रक्त घातलेल्या थाळीत वाढवतात हे ऐकल्यावर मात्र त्याचं समाधान झालं. शिवाय या जंतूला साधी हवा चालत नाही. थाळ्या मोठ्या बरणीत ठेवून आत मेणबत्ती पेटवायची आणि झाकण लावायचं. मेणबत्ती गुदमरून विझली की उरलेली हवा महाराजांना पसंत. माझ्या दोन मुलांचे मी एवढे लाड केले नाहीत.

एकदा हरियाणाच्या सीमेवर पोलिसाने व्हॅन अडवली. "डब्बे में के है?" सतबीरने शांतपणे सांगितलं, "बच्चों की नाक सै।" पोलिसाचा हात काठीवर गेला. मी खाली उतरून संस्थेचं पत्र दाखवलं, डबा उघडून नळ्या दाखवल्या, जंतू, लस, संशोधन, सगळं समजावलं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि काठी खाली ठेवून म्हणाला, "मॅडम, म्हारे छोरे की नाक बारा महीने बहै सै। के करूं?" त्यानंतर तो आम्हाला दर वेळी अडवायचा. तपासणीसाठी नाही, सल्ल्यासाठी.

असं सगळं सुरळीत चाललं असताना आमच्याच माहितीपत्रकाने घोटाळा केला. प्रकल्पाच्या नियमाप्रमाणे आम्ही पालकांना दोन भाषांत पत्रक वाटलं होतं. त्यात एक वाक्य होतं, की निरोगी मुलांच्या नाकात हा जंतू अनेकदा आढळतो. पत्रकं कोणी वाचत नाही, या भरवशावर सगळं संशोधन चालतं. पण नेहाने ते वाचलं.

नेहा पुण्याची, एका सॉफ्टवेअर कंपनीत प्रोजेक्ट मॅनेजर. तिचा मुलगा अथर्व चोप्रा आंटींकडे होता. हुशार, तडफदार मुलगी. आदल्या हिवाळ्यात अथर्वला न्यूमोनिया होऊन इस्पितळात ठेवावं लागलं होतं. एवढ्याशा हाताला सुई लावलेली, नाकात ऑक्सिजनची नळी, आणि ही उशाशी बसून कंपनीच्या मीटिंगा ऐकत होती. ते भय तिच्या अंगातून गेलं नव्हतं. नंतर तिने अथर्वला बाजारात मिळेल ती प्रत्येक लस टोचून घेतली होती. म्हणून तिचा राग मला आला तरी टिकला नाही.

तिने चौकशी सुरू केली. पाळणाघरातल्या बहुतेक मुलांना नवी लस दिलेली होती. गुडियाला नव्हती. ती लस तेव्हा खाजगी डॉक्टरांकडेच मिळायची आणि किंमत अशी, की माझेही डोळे पांढरे झाले होते, सरोजची काय कथा. नेहाने दोन आणि दोन चार केले. जंतू आहे, आणि लस नसलेलं मूल आहे, म्हणजे जंतू त्या मुलाकडून येतोय. तिने सगळ्या पालकांना ईमेल लिहिलं. त्याखाली प्रत्येकाने सगळ्यांना उत्तरं लिहिली. शेवटी ठरलं, की गुडियाला पाळणाघरात ठेवू नये, नाहीतर आम्ही मुलं काढून घेऊ.

चोप्रा आंटींची पाचावर धारण बसली. त्यांनी मला कोपऱ्यात घेतलं. "देखो जी, मैं क्या करूँ? बच्चे चले गए तो क्रेश बंद।" आणि सरोजला सांगितलं, एक तारखेपासून गुडियाला आणू नकोस. सरोज जवळच्या गावात भाड्याच्या खोलीत राहायची. नवरा मानेसरच्या कारखान्यात पाळ्या करायचा. गुडियाला सांभाळायला कोणी नाही. गुडिया घरी म्हणजे सरोजही घरी, म्हणजे नोकरी गेली.

सरोजने मला काडीच्या पेटीशी गाठून विचारलं, "दीदी, गुड़िया की नाक में कुछ निकला है क्या?"

"उसे कोई बीमारी नहीं है, सरोज."

"तो फिर निकाल क्यों रहे हैं?"

याचं उत्तर आमच्या पत्रकात कुठल्याच भाषेत नव्हतं. मी उगाच पेटीतल्या नळ्या सरळ करत राहिले.

कोणाच्या नाकात काय सापडलं हे कोणालाही सांगायचं नाही, हा आमचा कडक नियम. नेहा ते माझ्याकडून काढून घ्यायला आली. आपलेपणाने बाकावर शेजारी बसली.

"काकू, तुम्ही पुण्याच्या ना? कुठल्या?"

"सदाशिव पेठ. पण आता इतकी वर्षं इकडे..."

"अय्या, माझं आजोळ तिथलंच! हे बघा काकू, आपली माणसं म्हणून विचारते. नाव नका घेऊ, रिपोर्ट नका दाखवू. मी नाव घेते, तुम्ही फक्त मान हलवा. गुडिया?"

मान हलू नये म्हणून मी ती इतकी ताठ धरली की घरी गेल्यावर शेक घ्यावा लागला.

"काकू, अहो मराठी माणसानेच मराठी माणसाला मदत केली नाही तर कसं व्हायचं?"

"नेहा, नाकाला जात, भाषा काही नसतं. मी नाही सांगणार."

ती नाराज होऊन गेली. गुडियाच्या नाकात काय होतं ते मी आजही सांगणार नाही. विचारू नये.

मी आमच्या डॉक्टरसाहेबांना सगळं सांगितलं. ते प्रकल्पाचे प्रमुख, मोठे विद्वान, दिल्लीचेच. ऐकून एकदम अस्वस्थ झाले. मला बरं वाटलं. मग म्हणाले, "मॅडम, कुछ कीजिए। अनव्हॅक्सिनेटेड बच्चे वैसे भी उस क्रेश में कम हैं। ये गई तो मेरा कंपॅरिझन गया!" म्हणजे साऱ्या गुरगावात गुडिया तिथे राहावी असं वाटणारे सरोजखेरीज आम्हीच. आणि आम्हाला ती हवी होती ती तिला लस मिळाली नव्हती म्हणून. हा विचार मला व्हॅनमध्ये सुचला आणि मयूर विहार येईपर्यंत पिच्छा सोडेना.

एक तारखेच्या आधीचा शेवटचा शुक्रवार. अथर्वचा तिसरा वाढदिवस पाळणाघरात करायचा होता. पालक झाडून येणार होते, म्हणून चोप्रा आंटींनी केकनंतर बैठक ठेवली होती. गुडियाचं काय ते सगळ्यांसमोर नक्की करायचं. माझी नमुन्यांची तारीखही नेमकी तीच. मी पोचले तर नाकवाल्या आंटीकडे बघायला कोणाला सवड नव्हती. टेबलावर आगगाडीच्या आकाराचा केक होता, डबे, चाकं, धुराडं सगळं. केक कसला, स्टेशनच होतं ते. धुराड्यात मेणबत्ती.

आता त्या पाळणाघराची एक रीत होती, आणि ती मी पहिल्यांदाच पाहिली. अथर्वने मेणबत्ती विझवली. टाळ्या झाल्या. मी म्हटलं, आता सुरी येईल. पण चोप्रा आंटींनी लायटर काढून मेणबत्ती पुन्हा पेटवली आणि म्हणाल्या, "नेक्स्ट!"

मी विचारलं, "ये क्या है?"

"अजी, एक बार सिर्फ बर्थडे वाले ने फूँका था," आंटी म्हणाल्या. "बाकी सारे शाम तक रोए। तब से सबकी बारी।"

आणि मग सबकी बारी आली. दोन-तीन वर्षांच्या मुलाला फुंकर मारता येत नाही हे ज्यांना मुलं आहेत त्यांना सांगायला नको. ते ओठांचा चंबू करतं आणि थुंकतं. एकेक मूल खुर्चीवर चढत होतं, छाती भरून घेत होतं आणि "फुर्र" करून आगगाडीवर तुषार सोडत होतं. एकाला मध्येच शिंक आली. मेणबत्ती शिंकेने विझली म्हणून त्याला जास्तच टाळ्या मिळाल्या. पालक फोटो काढत होते. मी माझा बर्फाचा डबा छातीशी धरून उभी. आयुष्यभर जिचा पाठलाग केला ती गोष्ट माझ्यासमोर दिव्याच्या उजेडात चालली होती.

सगळ्यांची बारी झाली. नेहाने सुरी उचलली. तेवढ्यात अथर्व ओरडला, "रुको! गुडिया की बारी!"

गुडिया दाराशी सरोजच्या साडीचा पदर धरून उभी होती. सरोजने तिला घट्ट धरलं होतं.

नेहा सवयीने म्हणाली, "अथर्व, मराठीत बोल."

अथर्वने क्षणभर विचार केला. "गुडियाची बारी!"

"बाळा, आपण आता केक कापू या..."

"नाही! गुडियाची बारी!" आणि तो केकसमोर दोन्ही हात पसरून उभा राहिला. आगगाडी अडवून धरणारा एवढासा आंदोलक. नेहाचा चेहरा लाल झाला. शेवटी चोप्रा आंटींनीच लायटर दाबला. सरोजचा हात सैल झाला. गुडिया तुरुतुरु आली, खुर्चीवर चढली आणि तिने अशी लांब, सरळ, बिनथुंकीची फुंकर मारली की मेणबत्ती पहिल्या झटक्यात विझली. साऱ्या पाळणाघरात तीच एकटी नीट फुंकणारी. अथर्वने टाळ्या पिटल्या.

केक कापला गेला. तोंडाला पाणी सुटलेल्या सगळ्यांनी बश्या घेतल्या. नेहा माझ्याकडे आली. मनाने चांगली मुलगी, माझ्यावरचा राग तिने बाजूला ठेवला होता. धुराड्याजवळचा मोठा तुकडा तिने माझ्यापुढे धरला.

"काकू, घ्या ना."

"नको गं."

"शुगर आहे का?"

"नाही."

"मग अंडं? एगलेस आहे, काकू, खास सांगून केलाय."

"नेहा, नको म्हटलं ना."

"का पण?"

खरं सांगते, शास्त्र राहू द्या बाजूला, मला किळस आली होती. पण मी इतके दिवस तोंड मिटून बसले होते, मान ताठ धरून बसले होते, आणि त्या आगगाडीने माझा बांध फुटला. मी हिंदीत बोलले, म्हणजे सगळ्यांना कळावं.

म्हटलं, "मी नाही खाणार, कारण या केकवर आत्ता सगळ्या पाळणाघराची नाकं बसली आहेत."

चमचे थांबले. एका वडिलांनी घास हळूच कागदी रुमालात घेतला.

म्हटलं, "घाबरू नका. याने कोणी मरत नाही. पण तुम्ही विचारत होता ना, हा जंतू कुणाकडून येतो? असा येतो. फुंकरीतून, शिंकेतून, पाप्यातून, एकाने चोखलेली गाडी दुसऱ्याने चोखली की. इथल्या प्रत्येक मुलाकडून प्रत्येक मुलाकडे. लस घेतलेल्या नाकातसुद्धा जंतू राहतो, फक्त तो बहुतेक दुसऱ्या जातीचा असतो. गुडियाला घालवाल, तरी बाकीची नाकं इथेच आहेत. ती कोणाच्या घरी पाठवायची?"

चोप्रा आंटी छातीवर हात ठेवून उभ्या होत्या. त्यांच्या पाळणाघराचा एवढा पाणउतारा कोणी केला नव्हता. मी जरा आवाज खाली आणला.

"आणि उलटही आहे. तुमच्या मुलांनी लस घेतली म्हणून वाईट प्रकार त्यांच्या नाकात फारसे टिकत नाहीत. म्हणजे ते गुडियाकडे कमी जातात. तुमच्या मुलांचा तिला आडोसा आहे. इथून बाहेर काढलीत तर तेवढाही राहणार नाही."

नेहाच्या हातात बशी तशीच होती. तिच्या कपाळावर आठी पडली. मला वाटलं आता ही भांडणार. पण ती प्रोजेक्ट मॅनेजर होती. ती मराठीत म्हणाली, "आडोसा म्हणजे किती? पूर्ण?"

"पूर्ण नाही. थोडाफार."

"मग पूर्ण कशाने होईल?"

"तिला स्वतःला लस मिळाली तर. जवळजवळ पूर्ण. या वयात एक डोस पुरतो."

"मग तिला अजून दिली का नाही कोणी?" ती माझ्यावरच डाफरली. "एवढे तुम्ही लोक दर महिन्याला तिच्या नाकात काडी घालताय, आणि लस नाही दिली?"

मी एवढंच म्हटलं, "महाग आहे गं."

नेहाने सरोजकडे पाहिलं, मग टेबलावरच्या उरलेल्या आगगाडीकडे पाहिलं. बशी खाली ठेवली. तिला बहुतेक तो इस्पितळातला हिवाळा आठवला असावा, कारण तिने अथर्वला एकदम उचलून छातीशी धरलं. मग सरोजला म्हणाली, "कल सुबह तैयार रहना। गुडिया को लेकर चलेंगे। और उसका पुराना कार्ड-वार्ड जो है, साथ रख लेना।" विनंती नव्हती ती, ऑर्डर होती. बैठक झालीच नाही.

शनिवारी तिने मायलेकींना आपल्या गाडीत घातलं आणि आपल्या बालरोगतज्ज्ञाकडे नेऊन गुडियाला लस टोचून आणली. संध्याकाळी सगळ्या पालकांना ईमेल: विषय संपला आहे, गुडिया इथेच राहील, कोणाला शंका असल्यास मला फोन करावा. कोणी केला नाही. ज्या हिरिरीने ती पोरीला घालवायला निघाली होती, त्याच हिरिरीने तिने तिला टिकवलं. चोप्रा आंटींनाही नवा नियम दिला, की पुढच्या वाढदिवसापासून प्रत्येक मुलाला छोटा वेगळा केक आणि त्यावर वेगळी मेणबत्ती. आंटींनी तो पाळला. मुलांनी आधी आपापली मेणबत्ती विझवली आणि मग सगळ्यांनी मिळून सगळ्यांची.

सोमवारी मी डॉक्टरसाहेबांना बातमी दिली. "अरे! आपली अनव्हॅक्सिनेटेड गेली?" असं ते बोलून गेले. आमच्या नियमाप्रमाणे मध्येच लस घेतलेलं मूल अभ्यासातून वगळायचं. मग आपण काय बोललो ते त्यांना कळलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "अच्छा हुआ," म्हणाले. "बहुत अच्छा हुआ। लेकिन यार..." वाक्य पुरं केलं नाही.

त्या अर्धवट वाक्याचं मला अजून वाईट वाटतं. ते वाईट माणूस नव्हते, मीही नव्हते. लस न घेतलेली मुलं नसती तर लशीने काय होतं हे कळलंच नसतं, आणि ते कळल्याशिवाय सरकार कोणाला फुकट लस देत नाही. पण अशी मुलं मिळवायला या देशात आम्हाला कधी कष्ट पडले नाहीत, हे मनात सलतं. पुढे त्या लशीची सुधारलेली आवृत्ती सरकारी कार्यक्रमात आली. आता आमच्या मयूर विहारच्या दवाखान्यातही कोणाच्याही मुलाला फुकट टोचतात. ती आली त्यात देशभरच्या अशा असंख्य नाकांचा वाटा आहे. त्यांतली बरीच माझ्या हाताखालून गेली, म्हणून त्या दवाखान्यावरून जाताना मी जरा ऐटीत चालते. कोणाला कारण माहीत नसतं.

गुडियाला वगळल्यानंतर मी पुन्हा चोप्रा आंटींकडे गेले, तेव्हाची गोष्ट सांगून थांबते. नेहमीसारखे पडद्याखाली पाय दिसत होते. एकेकाला ओढून सरोजने मांडीवर घेतलं, छतावर बंदर दाखवलं, मी काड्या घातल्या, गालांवर चांदण्या चिकटवल्या. शेवटचं नाक झालं. मी पेटी बंद करायला घेतली तर गुडिया आपणहून आली, आईच्या मांडीवर चढली, मान मागे टाकली आणि नाक वर करून बसली.

"तुम्हारी नहीं है, बेटा," मी म्हटलं. "तुम्हारी छुट्टी."

तिने माझ्याकडे पाहिलं, मग सगळ्यांच्या गालांवरच्या चांदण्यांकडे पाहिलं, आणि असा भोंगा पसरला की आतून चोप्रा आंटी धावत आल्या.

"मेरी नाक!" गुडिया रडत होती. "मेरी नाक भी!"

मी चांदणी पुढे केली. तिने झिडकारली. आधी नाक, मग चांदणी. तिला नियम माहीत होते.

सरोज हसत होती आणि पदराने डोळेही पुसत होती. "दीदी, बाकी बच्चे डालने पे रोते हैं। ये ना डालने पे।"

मग मी पेटी पुन्हा उघडली. नवी काडी काढली. सरोजने बंदर दाखवलं. मी काडी गुडियाच्या नाकपुडीच्या टोकाला नुसती टेकवली, नेहमीच्याच गांभीर्याने नळीत ठेवली, नळीवर तिचं नाव लिहिलं आणि तिच्या गालावर दोन चांदण्या लावल्या. ती उठून अथर्वला दाखवायला पळाली.

लॅबमध्ये त्या नळीला ना नंबर होता ना यादीत जागा. मेणबत्तीच्या बरणीत मी तिची थाळी ठेवली नाही. तिच्यात काय उगवतं ते बघायची मला गरज वाटली नाही.